पोटाचा रोजमेळ



नामनिर्देशन, मृत्युपत्र, मुदत ठेवी, संयुक्त खाती हे या सदराचे नेहमीचे विषय. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या लेखणीतून दुसरे काय उतरणार? तथापि दिवाळीत आपण नवे चोपडे पूजले, आणि फराळाचे डबे अद्याप रिकामे व्हायचे आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात येतात, म्हणून या वेळी एका निराळ्या खात्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे. हे खाते प्रत्येकाच्या नावे जन्मतःच उघडलेले असते. त्यात रोज तीन-चार वेळा भरणा होतो. मात्र त्याची नोंद कोणीही ठेवीत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो आमच्या थोरल्या बंधूंमुळे. तालुक्याच्या गावी त्यांचे कापडाचे दुकान. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते गादीवर बसले. रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाचे कुलूप लागले नाही, आणि चार आण्यांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत भाऊ घरी आले नाहीत. त्यांना मधुमेह होता हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण ते ठाऊक असणे म्हणजे त्याची काळजी घेणे असे आम्ही सारेच समजत राहिलो. दोन वर्षांपूर्वी पायाला झालेली लहानशी जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसलो असता ते म्हणाले, ‘‘अरे, दुकानाचा पैसा न् पैसा मी लिहून ठेवला. पोटात काय गेलं, ते मात्र एक दिवस लिहिलं नाही.’’

मी काहीच बोललो नाही. कारण त्याच आठवड्यात माझाही रक्ततपासणीचा अहवाल आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा आकडा ६.३ होता. मधुमेहाची रेषा ६.५ ला सुरू होते. भाऊ ज्या वाटेने गेले, तिच्या उंबरठ्यावर मी उभा होतो.

अर्ध्या फुलक्याचे चक्रवाढ

निवृत्त झालो तेव्हा माझे वजन ७६ किलो होते. चार वर्षांनी ते ८४ झाले. माझी उंची १६८ सेंटिमीटर. म्हणजे बॉडी मास इंडेक्स जवळपास ३०. आपल्या लोकांसाठी डॉक्टरमंडळी २३ च्या वर अधिक वजन आणि २५ च्या वर स्थूलता मानतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. माझा १०४ होता.

माझ्यातला हिशेबनीस जागा झाला आणि मी वजाबाकी मांडली. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. आठ किलो म्हणजे ६१,६००. चार वर्षांचे दिवस १,४६०. भागाकार केला तर रोज अवघ्या ४२ कॅलरी जास्त! पंचवीस ग्रॅम कणकेचा एक फुलका सुमारे ८५ कॅलरींचा असतो. म्हणजे मी रोज माझ्या गरजेपेक्षा सरासरी अर्धा फुलका अधिक खात होतो, इतकेच. वजन वाढते तशी शरीराची गरजही थोडी वाढते, त्यामुळे प्रत्यक्षातील हिशेब इतका सरळ नसतो; पण दिशा हीच. कोणत्याही एका जेवणावर बोट ठेवून ‘हा अपराधी’ असे म्हणता येत नाही. व्यापारात माल चोरीला जाऊन जेवढी दुकाने बसतात, त्याहून अधिक बसतात ती रोजच्या किरकोळ गळतीने, हे आपणांस मी सांगावयास नको.

कॅलरी म्हणजे तरी काय? ते उष्णतेचे माप आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही आहारातील कॅलरी. शास्त्रात तिला किलोकॅलरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने अन्नघटकांतील ऊर्जा मोजून जे गुणांक ठरविले, ते आजही पाकिटांवरील छापील आकड्यांच्या मुळाशी आहेत. पिष्ट पदार्थ आणि साखर यांत प्रतिग्रॅम ४, प्रथिनांत ४ आणि स्निग्ध पदार्थांत ९. हे तीन आकडे पाठ असले की निम्मे शास्त्र आले. तेल आणि तूप हे वजनाला वजन धरल्यास साखरेच्या दुपटीहून अधिक भारी आहेत, हे त्यातून आपोआप कळते.

पहिला आठवडा

मी शंभर पानी वही आणली आणि स्वयंपाकघरातला एक लहान इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. पहिल्या सात दिवसांत खाण्यात काहीही बदल करावयाचा नाही, केवळ लिहावयाचे, असे ठरविले. बँकेत नव्या शाखेची तपासणी अशीच होते. आधी आहे ते जसेच्या तसे पाहायचे.

आरंभीच मी अंदाज लिहून ठेवला होता : रोजच्या १,६०० कॅलरी. सात दिवसांची सरासरी आली २,२००. मी स्वतःला अल्पाहारी समजत होतो! फरक कुठे होता, तेही वहीनेच दाखविले. घरचा एक कप चहा, दोन चमचे साखरेसह, सुमारे ९० कॅलरींचा. दिवसात पाच कप, म्हणजे ४५०. दुपारी चारच्या सुमारास डब्यातून काढलेली मूठभर शेव, वजन ३० ग्रॅम, म्हणजे १६५. येता-जाता तोंडात टाकलेले काजू. देवदर्शनाहून परतताना मित्राच्या दुकानात ‘एवढी चव तर बघा’ म्हणून हातावर ठेवलेला मिठाईचा तुकडा. ही सारी उचल होती, आणि उचलीची नोंद मनात कधीच होत नाही.

यात मी एकटा नाही, हे नंतर वाचनात आले. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ‘आम्ही फार कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे म्हणणाऱ्या स्थूल व्यक्तींचा प्रत्यक्ष आहार मोजला असता, त्यांनी स्वतःचे खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितल्याचे आढळले. ती माणसे खोटे बोलत नव्हती. न लिहिलेला खर्च आठवत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. याच्या उलट बाजूही तपासली गेली आहे. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० जणांच्या एका अभ्यासात, जे रोज आहाराची नोंद ठेवीत होते त्यांचे वजन, नोंद न ठेवणाऱ्यांच्या साधारण दुप्पट उतरले. लिहिण्याने कॅलरी जळत नाहीत. पण लिहावे लागणार या जाणिवेने डब्याकडे गेलेला हात थांबतो, हा माझा अनुभव आहे.

तेलाचा डबा आणि गृहलक्ष्मी

माझ्या काट्याने घरात पहिल्याच पंधरवड्यात कलह माजविला, हेही प्रांजळपणे लिहितो. भाजीतील तेल मोजू लागलो तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांत पाणी आले. ‘‘अहो, चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलात. आता माझ्या वाढण्याला काटा लावता?’’ त्या क्षणी मला माझी चूक उमगली. वर्षानुवर्षे ज्या हातांनी आपणांस आग्रहाने वाढले, त्या हातांचे मी लेखापरीक्षण करीत होतो. आणि तेही स्वतः एकदाही कढई न चढविता.

मी काटा कपाटात ठेवला आणि तिच्यासमोर एकच हिशेब मांडला. आमचे कुटुंब पाच माणसांचे. पंधरा लिटर तेलाचा डबा आम्हाला दोन महिने पुरत असे. पंधरा लिटर तेलाचे वजन सुमारे १३,६५० ग्रॅम. पाच माणसे आणि साठ दिवस यांनी भागले असता माणशी रोज साडेपंचेचाळीस ग्रॅम. तूप महिन्याला एक किलो, म्हणजे माणशी आणखी साडेसहा ग्रॅम. एकूण ५२. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २,००० कॅलरींच्या आहारासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम पुरेसे मानते. आम्ही जवळपास दुप्पट खात होतो, आणि यात बाहेरून आलेले फरसाण धरलेलेच नव्हते.

आकडे पाहून ती काही वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी मी पाहिले, तर नव्या डब्यावर तो उघडल्याची तारीख तिच्या अक्षरात लिहिलेली होती. वघारासाठी पळीऐवजी चमचा आला. पुऱ्या रविवारी एकदाच होऊ लागल्या. फुलक्यांना तूप लावणे तिने थांबविले नाही. ते वाटीत काढून चमच्याने, मोजके लावू लागली. आज तोच डबा साडेतीन महिने पुरतो. भाजी बेचव झाल्याची तक्रार कोणी केलेली नाही. हे श्रेय संपूर्णपणे तिचे आहे. मी फक्त भागाकार केला.

वाचकांपैकी ज्यांना कॅलरी मोजणे जिकिरीचे वाटते, त्यांनी एवढेच करावे : डब्यावर तारीख घालावी. ज्या घरात मण आणि लिटरचा हिशेब मुखोद्गत आहे, तेथे याहून सोपे माप नाही.

माझ्यापुरते मी तीन बदल केले. चहा पाचाऐवजी तीन कप, आणि साखर दोन चमच्यांऐवजी अर्धा चमचा. यात २७० कॅलरी वाचल्या. चारची शेव बंद, १६५. तेला-तुपात माझ्या वाटणीचे सुमारे दीडशे. एकूण ५८५. फुलके जितके होते तितकेच राहिले. भाजी दुप्पट केली, आणि डाळ पातळ पाण्यासारखी न घेता घट्ट वाटीभर घेऊ लागलो. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि वजन उतरताना चरबीसोबत तेही जाऊ शकतात. म्हणून प्रथिनांची आबाळ करता कामा नये. साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने, असे आपल्याकडील मान आहे. पंचाहत्तर किलोच्या माणसाला ती सुमारे ६२ ग्रॅम होतात. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. दूध, पनीर, डाळी, कठोळ यांतून, द्विदलाचा नियम सांभाळूनही, ही बेरीज पुरी होते. मात्र ती ठरवून करावी लागते.

आपल्या परंपरेतील मोजमाप

मोजून खाणे ही परदेशी कल्पना आहे असे कोणास वाटेल. वस्तुतः आपल्या बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर दुसरे स्थान ऊनोदरीचे आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळ आणि स्त्रीचा २८ कवळ असे मान सांगून, त्याहून कमी घेणे म्हणजे ऊनोदरी, असे आपल्या शास्त्रांत विवेचन आहे. चौदा नियम धारण करणारे श्रावक-श्राविका आज किती द्रव्ये घेणार, कोणती विगई सोडणार, हे सकाळीच ठरवितात. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि कढईत तळलेले पदार्थ या सहा विगई. आहारतज्ज्ञाने ज्यांवर लाल खूण करावी, त्यांतील बहुतेक नावे या यादीत शतकानुशतके आहेत.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. तप हे कर्मनिर्जरेसाठी असते. वजन घटविणे हा त्याचा हेतू नव्हे, आणि तसा हेतू मनात ठेवून केलेले तप हे तपही राहत नाही. शिवाय शरीराच्या दृष्टीनेही तो हिशेब चुकतो. अठाईनंतर माझे वजन चार-पाच किलो उतरत असे, आणि पारण्यानंतर महिन्याभरात पूर्ववत होत असे. त्या उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. उपवासाच्या आठ दिवसांनी उरलेल्या ३५७ दिवसांचा जमाखर्च मिटत नाही.

चौविहाराचेही तसेच. सूर्यास्तानंतर न खाणे ही उत्तम शिस्त आहे. दुकान वढवून रात्री दहाला जेवणाऱ्याच्या तुलनेत चौविहार करणारा निःसंशय लाभात असतो. पण हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, गिऱ्हाईक समोर असते, आणि दुकानातच घाईघाईने डबा उघडून पुढच्या रात्रीच्या भीतीने दोन घास अधिक खाल्ले जातात. घाईत खाल्लेल्याची तृप्ती उशिरा कळते. शक्य असेल त्याने गल्ला वीस मिनिटे मुलाच्या हाती द्यावा आणि शांतपणे जेवावे.

तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असली की ताटातील ती जागा बहुधा खाखरा, पापड, गट्टे, शेवेची भाजी यांनी भरून निघते. मूग, तूर, चवळी यांची घट्ट उसळ वा डाळ, आणि खाखऱ्याची मोजकी संख्या ठेवल्यास नियमही पाळला जातो आणि मापही. कंदमूळ वर्ज्य आहे म्हणून आपला आहार आपोआप हलका, हाही एक गोड गैरसमज आहे. बटाट्याच्या जागी आलेले कच्चे केळे पिष्टमयच असते, आणि पावभाजी जैन असली तरी वरचे लोणी ९ च्याच गुणांकाचे! ‘रोस्टेड’ लिहिलेल्या चिवड्याच्या पाकिटाची मागची बाजूही वाचावी. प्रति शंभर ग्रॅम किती कॅलरी आणि किती स्निग्धांश, हे तेथे छापलेले असते. नफा-तोटा पत्रक न वाचता आपण भागीदारी करीत नाही. मग पाकीट न वाचता फराळ का करावा?

चोपडा आणि पासबुक

आता कार्यपद्धती. नोंद खाल्ल्याबरोबर करावी. रात्री आठवून लिहिलेला रोजमेळ खरा नसतो. पहिले पंधरा दिवस पदार्थ वजन करून पाहावेत. नंतर घरची वाटी, पळी, चमचा यांचीच मापे डोळ्यांत बसतात. ज्यांना मोबाइलवरील ॲप सोयीचे वाटते त्यांनी ते वापरावे, मात्र घरच्या भाजीतील तेल ॲपला ठाऊक नसते, ते आपणच भरावयाचे.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी, सकाळी उठल्यावर पाहावे. दिवसागणिक किलो-अर्धा किलो वर-खाली होतो तो मिठामुळे, पाण्यामुळे. त्याने हर्ष-खेद मानू नये. चार आठवड्यांनी जुळवणी करावी. आपली वही म्हणजे आपण लिहिलेला चोपडा. वजनकाटा म्हणजे बँकेचे पासबुक. वही म्हणते रोज चारशे कॅलरींची तूट, तर महिन्याला सुमारे दीड किलो उतरावयास हवे. पासबुकात ते दिसत नसेल, तर बँक चुकली असे समजू नये. आपल्याकडून नोंदी राहिल्या असतील : स्वयंपाकात घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेले, प्रसाद, सुकामेवा. किंवा गरजेचा आकडाच जास्त धरला गेला असेल. दोन्ही तपासावे आणि मगच आकडा बदलावा.

विवाहाचे निमंत्रण, स्वामीवात्सल्य, पाहुणे हे टळणारे नाही, टाळूही नये. म्हणून मी अंदाजपत्रक दिवसाचे न करता आठवड्याचे केले. रोज १,६५० म्हणजे आठवड्याला ११,५५०. एका दिवशी २,४०० झाल्या, तरी उरलेल्या सहा दिवसांना रोज १,५२५ शिल्लक राहतात. चूक झाली म्हणून त्या दिवशी वहीच बंद करणे, ही खरी चूक.

चालणे अवश्य असावे, पण त्याच्या भरवशावर खाऊ नये. माझ्या वजनाच्या माणसाने अर्धा तास बेताच्या वेगाने चालल्यास सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात; मूठभर शेवेने तेवढ्याच परत येतात. चालण्याचा खरा लाभ साखर, रक्तदाब, झोप आणि स्नायू यांना आहे.

आणि जे सडपातळ आहेत त्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडील माणूस बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो. म्हणून वजनाइतकाच पोटाचा घेर मोजावा.

वहीची मर्यादा

एक प्रसंग लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. चार महिन्यांनी एके संध्याकाळी वही उघडली, तर माझ्या रकान्याशेजारी पेन्सिलीने आणखी एक रकाना आखलेला. अक्षर आठवीत शिकणाऱ्या नातीचे. मी विचारले, तर ती सहज म्हणाली, ‘‘दादाजी, माझे आज नऊशे झालेत. आता मी जेवणार नाही.’’ सूनबाई दारातच उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘‘पप्पा, गेला आठवडाभर ती डबाही अर्धा परत आणते.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाढत्या वयातील मुलीच्या शरीराला भांडवल उभारावयाचे असते. तेथे कपात करणे म्हणजे पाया भरत असतानाच विटा काढून घेणे. शिवाय आकड्यांचे हे वेड कोवळ्या मनाला लागले तर ते आजाराचे रूप घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून सांगितले, की ही वही दादाजींच्या औषधाच्या डब्यासारखी आहे. औषध ज्याचे त्यानेच घ्यावे. वही माझ्या कपाटात गेली. घरात वजन, जाडी, रंगरूप यांवरील शेरे बंद करण्याचे आम्ही सर्वांनी ठरविले. ‘अगं, लग्नाला उभी राहायचीस, जरा कमी खा’ असले वाक्य आपल्या घरांतून किती सहज उच्चारले जाते! ते यापुढे आमच्या घरी उच्चारले जाणार नाही. मुलांनी मोजू नये. मोठ्यांनी घरात काय आणावे ते ठरवावे, म्हणजे पुरे.

तीच सावधगिरी इतरांनाही. मधुमेहासाठी इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी आहार एकाएकी घटविल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचे विकार असणारे, गर्भवती, स्तनदा माता यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेने जाऊ नये. आणि प्रयत्न न करता वजन उतरू लागले, तर आनंद न मानता आधी तपासणी करून घ्यावी.

‘पंधरा दिवसांत दहा किलो’ अशा जाहिराती आपल्यापर्यंतही पोहोचत असतील. बँकेत असताना दामदुप्पट योजनांत आयुष्याची पुंजी घालून काउंटरपाशी रडणारी माणसे मी पाहिली आहेत. शरीराच्या बाबतीतही जो अवाजवी व्याजदर सांगतो, त्याच्यापाशी मुद्दल ठेवू नये. आठवड्याला अर्धा किलो हा उत्तम वेग. त्याहून मंद असला तरी चालेल.

माझे म्हणाल, तर चौदा महिन्यांत वजन ८४ वरून ७३ झाले. कागदावरील हिशेबाने ते याहून लवकर व्हावयास हवे होते. पण वजन उतरते तशी शरीराची गरजही उतरते, आणि दोन विवाहसराया, एक आजारपण व आमरसाचा एक अख्खा महिना मध्ये आला. पोटाचा घेर ९५, साखरेचा आकडा ५.८. पुस्तकी मापाने अजूनही वजन जास्तच आहे. आता मी रोज लिहीत नाही. दर तिमाहीत एक आठवडा वही काढतो, तपासणी करतो आणि पुन्हा ठेवून देतो.

गेल्या महिन्यात भाऊंकडे गेलो होतो. गादीवर आता पुतण्या बसतो. भाऊ शेजारी खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून. त्यांच्या डॉक्टरांनी आहार आखून दिला आहे आणि त्याप्रमाणे इन्सुलिनची मात्राही बदलली आहे. चहा आला. भाऊंनी अर्धा कप घेतला, खिशातून लहान डायरी काढली, आणि जुन्या सवयीने, तारीख घालून, लिहिले. गेलेली बोटे परत येणार नाहीत, हे त्यांना कळते. उरलेला पाय सांभाळावयाचा आहे, हेही कळते. त्यांनी डायरी माझ्याकडे सरकविली आणि म्हणाले, ‘‘बघ, बेरीज बरोबर आहे ना?’’

मी तपासली. बरोबर होती.

पुढील अंकात पुन्हा आपल्या ठेवींकडे वळू. तोवर नव्या चोपड्यांतील एक कोरे पान यासाठी काढून ठेवावे, आणि सात दिवस, काहीही न बदलता, केवळ लिहून पाहावे, एवढीच विनंती. लिहिताना कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व.

जय जिनेंद्र.